कझाकस्तानातले रशियन कुठे गेले?

वैशाली_नाशिक

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. विषय लांबचा आहे पण जूनपासून डोक्यातून जात नाहीये.

माझा मुलगा कझाकस्तानात कारागांडाला एमबीबीएस करतोय, तिसरं वर्ष. पहिल्या वर्षी हॉस्टेलवर होता, मग तो आणि अजून दोघं (एक जळगावचा, एक लातूरचा) मिळून फ्लॅट घेऊन राहायला लागले. घरमालकीण एक रशियन आजी, पंचाहत्तरी ओलांडलेली, त्याच जिन्यावर खालच्या मजल्यावर एकटी राहते. मी जूनमध्ये बारा दिवस जाऊन आले. तिला रशियनशिवाय काही येत नाही, मला रशियन येत नाही, लेक दुभाषी. तरी आमचं जमलं. मी पुरणपोळी केली, तिने बोर्श, म्हणजे बीटचं सूप केलं.

तर झालं काय, तिच्या घरात एक खोली आहे ती नुसती लोकांच्या सामानाने भरलेली. शिलाई मशीन, दोन ट्रंका, पुस्तकांचे गठ्ठे, एक अकॉर्डियन, फ्रेम केलेले फोटो. म्हटलं हे सगळं कोणाचं? तर म्हणाली शेजाऱ्यांचं. १९९३ साली तिसऱ्या मजल्यावरचे गेले, ९४ ला समोरचे, ९५ ला वरचे, जाताना प्रत्येकाने सांगितलं की जरा ठेव, जम बसला की येऊन नेतो. कोणी आलं नाही. मग तिने बोटांवर मोजून दाखवलं. जिन्यावर पंधरा घरं. १९९० मध्ये नऊ रशियन, तीन जर्मन, दोन युक्रेनियन, एक कझाक. आता रशियन दोनच, तिचं आणि चौथ्या मजल्यावरच्या एका आजोबांचं. बाकी सगळी कझाक कुटुंबं आणि एका घरात आमची तीन पोरं. तिची स्वतःची मुलगी ओम्स्कला रशियात, मुलगा जर्मनीत.

घरी आल्यावर थोडं वाचलं. तो देश २०२३ च्या शेवटी दोन कोटींच्या वर गेला म्हणे, म्हणजे लोकसंख्या वाढतेय. आणि रशियन मात्र १९८९ पासून निम्म्यावर आले. मला एवढंच समजून घ्यायचंय की या लोकांना हाकललं, की ते आपणहून गेले, की जे उरले ते नुसतेच म्हातारे होत संपत चाललेत? इथे जाणकार आहेत, तिकडे राहून आलेलेही असतील. सांगा.

गोदाकाठ

वाचतोय. रुमाल टाकून ठेवतो.

पाटलीण

ती सामानाची खोली डोळ्यासमोरून जात नाहीये गं. तीस वर्षं दुसऱ्याची शिलाई मशीन सांभाळायची म्हणजे काय.

तात्या_सांगली

सरळ आहे ताई, हाकललं. बंदूक दाखवून नाही, पण हाकललंच. देश स्वतंत्र झाला, कझाक ही राजभाषा झाली, ऑफिसात वरच्या खुर्च्यांवर कझाक माणसं आली, गावांची नावं बदलली. उस्त-कामेनोगोर्स्कचं ओस्केमेन, पेत्रोपाव्लोव्स्कचं पेत्रोपाव्ल, गुरयेवचं अतिराऊ, शेव्चेन्कोचं अक्ताऊ. पिढ्यानपिढ्या राहिलेल्या माणसाला एक दिवस आपल्या गावाची पाटी वाचता येत नाही म्हटल्यावर तो काय समजायचं ते समजतो. त्या काळात "सुटकेस, स्टेशन, रशिया" अशी घोषणाच होती. आणखी काय पुरावा पाहिजे?

अंकमोजणी

आकड्यांवर माझा जीव आहे म्हणून सविस्तर लिहितो.

१९८९ च्या सोव्हिएत जनगणनेत कझाक साधारण ६५ लाख म्हणजे जेमतेम ४० टक्के, आणि रशियन ६२ लाखांच्या आसपास, ३७-३८ टक्के. जवळजवळ बरोबरी. १९९९ ला रशियन ४५ लाख, ३० टक्के. २००९ ला ३८ लाख, २३.७ टक्के. २०२१ च्या जनगणनेत ३० लाखांच्या किंचित खाली, १५.५ टक्के. त्याच वेळी कझाक १ कोटी ३५ लाख, ७० टक्के.

आता यातली गोम बघा. समजा एकही रशियन देश सोडून गेला नसता आणि त्यांची संख्या ६२ लाखांवरच राहिली असती. तरीसुद्धा २०२१ मध्ये त्यांचा टक्का २८ च्या आसपास आला असता, कारण मधल्या काळात कझाक दुप्पट झाले. म्हणजे टक्का घसरला त्यातला बराच भाग समोरचा वाढल्यामुळे आहे.

त्यामुळे टक्का आणि संख्या वेगवेगळे बघावे लागतात. संख्या घटली ती मुख्यतः नव्वदच्या दशकात, स्थलांतराने. एकट्या १९९४ मध्ये देश सोडणारे (सगळ्या जमातींचे मिळून) चार लाखांहून जास्त होते. नंतर ओघ कमी झाला पण थांबला नाही, आणि त्यात भर पडली ती वयाची. तरुण गेले, म्हातारे राहिले, मग जन्मांपेक्षा मृत्यू जास्त. कझाकांचं उलट. १९९९ च्या सुमाराला देशात बाईमागे दोनपेक्षा कमी मुलं होत होती, २०२१ मध्ये तो आकडा तीनच्या वर गेला. जगात सगळीकडे जननदर खाली येत असताना हा देश वर गेला, हे फार थोड्या ठिकाणी झालंय.

त्यात परदेशातून परत आलेले कझाक मिळवा. उझबेकिस्तान, चीन, मंगोलिया इथून १९९१ पासून दहा लाखांहून जास्त आलेत. सरकार त्यांना आधी ओरालमान म्हणजे परतलेले म्हणायचं, आता कांदास म्हणतं, म्हणजे एका रक्ताचे.

ताई, तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं हो अशीच आहेत, फक्त प्रमाण वेगळं आणि काळ वेगळा.

तात्या_सांगली

आकडे मान्य. पण ९४ साली चार लाख माणसं उगाच गाशा गुंडाळत नाहीत.

लोहार

तात्या, मी तेमिरताऊला पाच वर्षं होतो, २००१ ते २००६, पोलाद कारखान्यात. कारागांडापासून तीसेक किलोमीटरवर. आपले बरेच इंजिनिअर होते तेव्हा तिकडे. माझ्या शिफ्टमधले जुने लोक ९३ ते ९६ च्या गोष्टी सांगायचे त्या भाषेच्या कमी आणि पोटाच्या जास्त होत्या. पगार सहा सहा महिने नाही. पगाराऐवजी माल द्यायचे, साखर, डबाबंद मासे, कधी काही. हिवाळ्यात उणे तीस असताना घरांचं हीटिंग बंद, लोक खिडकीतून पाइप बाहेर काढून खोलीत शेगडी पेटवायचे. खाणी बंद, कारखाने बंद.

आणि रशियन प्रामुख्याने, जर्मन-युक्रेनियनही बरेचसे, शहरात आणि कारखान्यातच होते, त्यामुळे कारखाना बसला की सगळ्यात आधी तेच बसले. कझाकांचे हाल कमी झाले असं नाही, पण त्यांना जायला दुसरा देश नव्हता. रशियनाला दार होतं, जर्मनाला तर त्याहून चांगलं दार होतं. ज्याला दार होतं तो गेला.

अपमानाचे प्रसंग झाले नाहीत असं मी म्हणणार नाही. बसमध्ये "कझाक बोल" म्हणून सुनावल्याचं एका फोरमनने सांगितलं होतं, सांगताना त्याचा आवाज बदलला होता. पण त्याच फोरमनच्या आजारपणात रात्रभर बसणारा शेजारी कझाक होता.

निळी_छत्री

कारागांडा म्हटल्यावर मला आमच्या रशियनच्या बाई आठवल्या. रशियनमध्ये कोणी "कुठे?" म्हणून विचारलं की "ग्द्ये-ग्द्ये, व् करगांद्ये!" असं यमक जुळवून उत्तर देतात, म्हणजे "कुठे कुठे, कारागांडात!" इतकं प्रसिद्ध की त्या गावात या वाक्याचा पुतळा उभारलाय. वैशालीताई, मुलाला विचारा, त्याने नक्की बघितला असेल.

वैशाली_नाशिक

हो गं! तिथे उभं राहून फोटो काढलाय आम्ही, मला अर्थ आत्ता कळला.

आल्माअता_८५

मी १९८५ ते ९१ आल्मा-अताला शिकायला होतो. आता अल्माटी म्हणतात, आमच्या तोंडी जुनंच नाव बसलंय. काही गोष्टी डोळ्यांनी बघितल्यात म्हणून लिहितो.

मी गेलो तेव्हा ते शहर दिसायला-ऐकायला पूर्ण रशियन होतं. राजधानी कझाक प्रजासत्ताकाची, पण दुकानात, ट्रॉलीबसमध्ये, सिनेमाला कझाक कानावर पडायचं नाही. माझा वर्गमित्र किझिलोर्दाकडचा खेड्यातला. तो सांगायचा की शहरात घरच्यांशी फोनवर मोठ्याने कझाक बोलायची लाज वाटते, लोक वळून बघतात. कझाक माध्यमाच्या शाळा त्या एवढ्या मोठ्या शहरात बोटांवर मोजण्याइतक्या. स्वतःच्या राजधानीत स्वतःची भाषा दबक्या आवाजात!

मग १९८६ चा डिसेंबर. मॉस्कोने तिथले कझाक पक्षप्रमुख कुनायेव यांना काढलं आणि उल्यानोव्स्कहून गेन्नादी कोल्बिन यांना आणून पक्षप्रमुख केलं, ज्यांचा कझाकस्तानशी काही संबंध नाही. दुसऱ्या दिवशी पोरं चौकात जमली, बहुतेक विद्यार्थी. आम्हा परदेशी मुलांना वसतिगृहातून बाहेर पडू नका म्हणून सांगितलं. खिडकीतून आम्ही फौजफाटा जाताना बघितला. माझा तो वर्गमित्र त्या रात्री आला नाही. चार दिवसांनी आला, डोक्याला पट्टी. काही बोलला नाही, आम्ही विचारलं नाही. कझाकमध्ये त्या घटनेला जेल्तोक्सान म्हणतात, म्हणजे डिसेंबर. पाच वर्षांनी त्याच तारखेला, १६ डिसेंबर १९९१ ला देश स्वतंत्र झाला, सोव्हिएत प्रजासत्ताकांत सगळ्यात शेवटी.

तात्या, पाटी न वाचता येणाऱ्या रशियन माणसाचं दुःख मला कळतं, माझे रशियन मित्रही होते आणि त्यातले आता तिथे कोणीच नाहीत. पण माझ्या त्या मित्राचं दुःख त्याच्या आधीचं आहे.

पाटलीण

काका, तो मित्र आता कुठे असतो?

आल्माअता_८५

श्यिमकेंतला. निवृत्त झाला. पाच नातवंडं, सगळी कझाक शाळेत.

कृष्णाकाठचा

म्हणजे मुंबईतल्या मराठी टक्क्यासारखंच झालं की हे.

संपादक मंडळ

त्या विषयावर आधीच पाच धागे आहेत, कृपया तिकडे लिहावे. इथे कझाकस्तानच राहू द्या.

अशोकसुंदरी

आल्माअता काकांच्या मुद्द्याला धरूनच पुढे लिहिते. सगळे १९८९ पासून मोजताय. ती ३८ टक्क्यांची बरोबरी आली कुठून ते कोणी विचारत नाहीये.

१८९७ च्या झारच्या जनगणनेत त्या गवताळ मुलखात दहातले आठ कझाक होते. मग रशियातून शेतकरी येऊन जमिनी घ्यायला लागले, ते एक. पण खरा घाव १९३०-३३ चा. कझाक हे भटके पशुपालक, शेकडो मेंढ्या-घोडे घेऊन फिरणारे. स्टालिनच्या काळात त्यांची जनावरं सामूहिक शेतांसाठी काढून घेतली आणि त्यांना एका जागी बसवलं. जनावर गेलं म्हणजे दूध गेलं, मांस गेलं, फिरायचं साधनच गेलं. सुमारे १५ लाख माणसं उपासमारीने मेली, त्यातले बहुतेक कझाक. दर दहा कझाकांमागे जवळपास चार. बरेच चीनकडे पळाले. कझाक भाषेत त्याला अशरशिलिक म्हणतात, आणि ३१ मे ला त्यांचं स्मरण करतात.

त्या रिकाम्या केलेल्या जमिनीवर मग माणसं आणून टाकली. १९३७ ला अतिपूर्वेकडचे कोरियन, १९४१ ला व्होल्गाकाठचे जर्मन, १९४४ ला चेचेन. छळछावण्यांतले कैदी वेगळेच. आणि १९५४ पासून ख्रुश्चेव्हची पडीक जमीन नांगरायची मोहीम, तिच्यासाठी लाखो रशियन-युक्रेनियन तरुण उत्तरेकडे आले. १९५९ ला कझाक आपल्याच देशात ३० टक्के उरले होते आणि रशियन ४३ च्या आसपास.

१९८९ हे आरंभाचं वर्ष धरलं की गोष्ट "रशियन कमी झाले" अशी दिसते. १८९७ धरलं की गोष्ट वेगळी दिसते. माझा जीव या दुसऱ्या गोष्टीत जास्त अडकतो कारण ती फार कमी लोकांना माहीत आहे.

तात्या_सांगली

हे मला एवढं माहीत नव्हतं. दहातले चार... तीन-चार वर्षांत. बोललो ते सगळं मागे घेत नाही, पण हे वाचून थांबलो.

वैशाली_नाशिक

अशोकसुंदरी, तू लिहिलंस त्यात एक भर घालते, आजीकडून ऐकलेली. तिचे आजी-आजोबा काही मालक बनून आले नव्हते. व्होरोनेझकडचे शेतकरी, दोन गाई आणि एक घोडा होता म्हणून "कुलक" म्हणजे श्रीमंत शेतकरी ठरवले आणि १९३१ ला मालगाडीत घालून कारागांडाच्या माळावर आणून सोडले. घर नाही काही नाही, जमिनीत खड्डे खणून त्यात राहिले. पहिल्या हिवाळ्यात तिच्या वडिलांची तीन भावंडं गेली. कारागांडा शहर आणि तिथल्या कोळशाच्या खाणी असल्याच लोकांनी उभ्या केल्यात. जवळच दोलिंका म्हणून गाव आहे, तिथे कार्लाग या छावणीचं मुख्य ऑफिस होतं, आता संग्रहालय आहे. आम्ही गेलो होतो. मी अर्ध्यातून बाहेर आले.

म्हणजे एकाच वर्षी, एकाच माळावर, कझाक उपाशी मरतोय आणि शेजारी हद्दपार केलेला रशियनही मरतोय. आजी म्हणाली की तिच्या वडिलांना त्या काळात एका कझाक बाईने वाळवलेलं चीज दिलं होतं, कुर्त म्हणतात त्याला, खारट गोळे असतात. तिच्याकडे अजून वाटीत ठेवलेले असतात. आम्हालाही दिले.

उत्तरा_श्टुटगार्ट

धागा आत्ता बघितला. जर्मनीतली बाजू मी सांगते.

आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एक बाई राहतात, सत्तरीच्या. पहिली दोन वर्षं मी त्यांना रशियन समजत होते कारण नवऱ्याशी रशियन बोलतात, सामोवार आहे, लोणच्याच्या बरण्या आहेत. एकदा मी "तुम्ही रशियन ना" म्हटलं तर केवढ्या दुखावल्या. त्या कारागांडाच्या जर्मन! १९९४ ला आल्या. म्हणाल्या तिकडे जन्मभर "नेमका" म्हणजे जर्मन म्हणून ऐकलं, युद्धानंतर ती शिवीच होती, आणि इकडे आले तर सगळे "रशियन" म्हणतात.

१९८९ ला कझाकस्तानात साडेनऊ लाख जर्मन होते, दहा वर्षांत साडेतीन लाख राहिले. रशियनांपेक्षा कितीतरी वेगाने ओसरले, आणि त्यांना तर कोणी हाकलायचं कारणच नव्हतं. त्यामुळे लोहार म्हणतात ते दाराचं मला शंभर टक्के पटतं.

वैशाली, तुझ्या आजीचा मुलगा जर्मनीत कसा? सून जर्मन का?

वैशाली_नाशिक

हो, बरोबर ओळखलंस. सून कझाकस्तानातलीच जर्मन.

निळी_छत्री

इथे एक भाषेतली गंमत सांगते, पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकले तेव्हा बाईंनी पहिल्याच महिन्यात घोटून घेतली होती. आपण सरसकट "रशियन" म्हणतो पण त्यांच्यात दोन शब्द आहेत. "रूस्की" म्हणजे वंशाने-भाषेने रशियन. "रस्सियानिन" म्हणजे रशिया देशाचा नागरिक, मग तो तातार असो की चेचेन. तसंच "कझाख" म्हणजे जमात, "कझाखस्तानेत्स" म्हणजे त्या देशाचा माणूस. तुमची आजी रूस्की आहे आणि कझाखस्तानेत्स आहे, पण रस्सियानिन नाही. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मे वाद मिटतात.

सोव्हिएत पासपोर्टात पाचवा रकाना असायचा, त्यात राष्ट्रीयत्व लिहायचे. आई-बाप वेगवेगळे असले तर मुलाने सोळाव्या वर्षी एक निवडायचं. त्यामुळे हे आकडे म्हणजे दगडावरची रेघ नाही, माणसं निवडतात.

अंकमोजणी

हे फार महत्त्वाचं लिहिलंत. २००९ ला कझाकस्तानात जर्मन १ लाख ७८ हजार होते, २०२१ ला २ लाख २६ हजार. युक्रेनियनही ३.३३ लाखांवरून ३.८७ लाख झाले. कागदावर तरी वाढले, आणि बाहेरून तर कोणी आले नाहीत. आधी रूस्की लिहिणाऱ्या काहींनी आता आजोबांचं जुनं राष्ट्रीयत्व लिहिलं असणार असं मला वाटतं. तेवढ्यापुरता रशियनांचा आकडा माणूस न जाता, न मरता कमी झाला.

खवय्या_रत्नागिरी

अवांतर: आजींच्या बोर्शची कृती मिळेल का? आणि तिकडे घोड्याचं मांस खातात हे खरं का?

लोहार

खरं आहे, काझी म्हणतात, सॉसेजसारखं. बेशबर्माक म्हणजे उकडलेल्या मांसाचा आणि शेवयांसारख्या पट्ट्यांचा पदार्थ, त्यावर घालतात. आमच्या शिफ्टमधले रशियनही आवडीने खायचे आणि कझाकांच्या घरी पेल्मेनी (मांसाचे मोमो), बोर्श रोजचं. ७ जानेवारीचा ऑर्थोडॉक्स नाताळ आणि कुर्बान आइत म्हणजे बकरी ईद दोन्हीला सरकारी सुट्टी. मार्चमध्ये नौरिझला, म्हणजे वसंतातल्या नववर्षाला, अख्खं गाव रस्त्यावर. मला पहिल्या नौरिझला चार घरांत जेवायला लागलं, चौथ्या घरी नुसता बसून राहिलो.

वैशाली_नाशिक

बोर्शची कृती पाककृती विभागात टाकते. बीट आपल्याकडचं चालतं.

राजस_बोरिवली

मला राजकीय बाजूबद्दल विचारायचं होतं. युक्रेनमध्ये रशियन भाषिकांचं कारण पुढे करूनच सगळं झालं. कझाकस्तानची रशियाशी सीमा साडेसात हजार किलोमीटर, जगातली सगळ्यात लांब सलग जमिनीवरची. आणि रशियन वस्ती नेमकी त्याच सीमेला लागून. तिकडे भीती नाही का?

आल्माअता_८५

आहे. उघड बोलत नाहीत पण आहे. १९९७ ला राजधानी आल्मा-अताहून उचलून उत्तरेला अकमोलाला नेली, तेच आताचं अस्ताना. भूकंप, जागेची अडचण अशी कारणं दिली, पण उत्तरेत कझाक वस्ती वाढावी हा हेतू सगळ्यांना कळत होता. अकमोला म्हणजे पूर्वीचं त्सेलिनोग्राद, त्या नांगरणीच्या मोहिमेचं केंद्र. १९८९ ला तिथे कझाक पाचातला एकही नव्हता, आज शहर बहुसंख्य कझाक आहे.

२०१४ मध्ये पुतिन जाहीरपणे म्हणाले की तेव्हाचे कझाक राष्ट्राध्यक्ष नझरबायेव यांनी जिथे कधी राज्य नव्हतं तिथे राज्य उभं केलं. कौतुक म्हणून म्हणाले असतील, पण कझाक माणसाला ते फार लागलं. पुढच्याच वर्षी, २०१५ ला, कझाक खानतीची, म्हणजे त्यांच्या जुन्या राज्याची, ५५० वर्षं देशभर साजरी केली. उत्तर न देता दिलेलं उत्तर.

पण युक्रेनसारखंच होईल असं म्हणायला माझं मन तयार नाही. उत्तर कझाकस्तान प्रांतात, पेत्रोपाव्लकडे, अजूनही जवळपास निम्मे रशियन आहेत, आणि ते सगळे मॉस्कोकडे डोळे लावून बसलेत असं समजणं त्यांच्यावर अन्याय आहे.

अशोकसुंदरी

लाटव्हियाशी तुलना करून बघा. तिथे १९४० आधीचे नागरिक आणि त्यांची मुलं-नातवंडं एवढ्यांनाच आपोआप नागरिकत्व मिळालं, लाखो रशियन "बिगर-नागरिक" राहिले, त्यांचा पासपोर्टच वेगळा. कझाकस्तानने देशात कायम राहणाऱ्या सगळ्यांना नागरिक केलं. १९९५ च्या घटनेत कझाक ही राजभाषा आणि सरकारी कामात रशियनही तिच्या बरोबरीने वापरायची अशी तरतूद. राष्ट्राध्यक्षाला मात्र कझाक उत्तम यायला हवं. दुहेरी नागरिकत्व नाही, म्हणजे रशियाचा पासपोर्ट हवा तर हा सोडा. जाणाऱ्यासाठी रशियाने २००६ पासून मायदेशी परतणाऱ्यांची योजना काढलीच आहे.

लोहार

आणि तरुण मुलं जातात ती बऱ्याचदा शिक्षणासाठी. पेत्रोपाव्लच्या पोराला ओम्स्क पावणेतीनशे किलोमीटर, अस्ताना त्याहून लांब. ओम्स्कला, तोम्स्कला, येकातेरिनबुर्गला शिकतात आणि तिथेच नोकरी, तिथेच लग्न. सरकार दक्षिणेतली कझाक मुलं उत्तरेच्या कॉलेजांत पाठवतं, सेर्पिन नावाची योजना आहे २०१४ पासूनची, पण उणे तीसच्या थंडीत सगळी टिकत नाहीत. दक्षिणेला तुर्किस्तान, श्यिमकेंतकडे शाळांत जागा पुरत नाही, आणि उत्तरेची गावं ओस पडतायत. रशियन गेला म्हणून कझाक आला असं प्रत्येक ठिकाणी झालेलं नाही. काही ठिकाणी कोणीच आलं नाही.

सायली_अल्माटी

मी सध्या अल्माटीत राहते, नवऱ्याची नोकरी. २०२२ च्या सप्टेंबरचं सांगते कारण ते या धाग्यात हवंच.

रशियात सैन्यभरती जाहीर झाली २१ सप्टेंबरला आणि दोन आठवड्यांत दोन लाखांवर रशियन सीमा ओलांडून कझाकस्तानात आले. आमच्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर नवी तरुण मुलं, पाठीवर एक सॅक, दुसरं काही नाही. घरभाडी दुप्पट झाली, आमच्या घरमालकानेही वाढवायचं म्हटलं. पण उराल्स्कला, म्हणजे ओरालला, लोकांनी त्यांना मशिदीत, सिनेमा थिएटरात झोपायला जागा दिली, खायला दिलं. ज्यांच्या आजोबांना हलाखी माहीत आहे त्यांनी दिलं.

बहुतेक पुढे निघून गेले, कोणी जॉर्जियाला, कोणी सर्बियाला, कोणी परत. त्यामुळे टक्क्यावर कायमचा फरक पडला नाही. पण मला बदल जाणवला तो इथल्या रशियनांमध्ये. माझी केस कापणारी बाई रशियन, अल्माटीतच जन्मलेली. त्या लोकांना बघून म्हणाली, "ते आमच्यासारखे नाहीत." आणि ती आता कझाक भाषेच्या मोफत वर्गाला जाते, वयाच्या पन्नाशीत. मला शिकलेली वाक्यं म्हणून दाखवते. रख्मेत म्हणजे धन्यवाद. मुलीला तर तिने कझाक शाळेतच घातलंय.

तात्या_सांगली

सायलीताई, हे वाचून बरं वाटलं. मी हाकललं म्हटलं होतं, आता म्हणेन की नव्वद सालात बऱ्याच जणांना आपण नकोसे आहोत असं वाटलं, पोटाने ढकललं, आणि दार उघडं होतं. पण वाटण्याचं वजन कमी समजू नका एवढं माझं राहू द्या.

लोहार

तात्या, ते कोणीच कमी समजत नाही. त्या फोरमनचा आवाज मला अजून ऐकू येतो.

गोदाकाठ

एक प्रश्न. बैकानूर पण तिथेच ना? आपले राकेश शर्मा तिथूनच गेले होते.

अंकमोजणी

हो, ३ एप्रिल १९८४ ला. जागा कझाकस्तानची, पण तळ आणि शहर रशियाने २०५० पर्यंत भाड्याने घेतलंय.

पाटलीण

वैशाली, मूळ प्रश्नावर येते. आजी स्वतः का नाही गेली? मुलगी ओम्स्कला, मुलगा जर्मनीत, मग एकटी कशाला राहते? विचारलंस का कधी?

वैशाली_नाशिक

काल रविवार होता, लेकाला मुद्दाम खाली पाठवून विचारायला लावलं, फोन स्पीकरवर ठेवून.

ती म्हणाली, गेले होते की. २००७ ला ओम्स्कला मुलीकडे आठ महिने राहिले. तिकडे जिन्यातल्या बायका मला "कझाश्का" म्हणायच्या, म्हणजे कझाक बाई. दुकानात माझं बोलणं ऐकून विचारायच्या कुठली तू. शेवटी परत आले. इथे नवरा पुरलाय, आई-वडील पुरलेत. इस्टरनंतर थडगी साफ करायला जायचं असतं, मी गेले तर कोण करणार? आता गुडघे चालत नाहीत तर समोरच्या कझाक कुटुंबातला मुलगा गाडीने नेतो, गवत तोच उपटतो.

भाषेचं विचारलं तर म्हणाली आधी वाईट वाटायचं, आता समोरची सून बाळाला गाऊन झोपवते ते ऐकून ऐकून चाल पाठ झालीये, शब्द कळत नाहीत.

आणि सामानाचं विचारलं. म्हणाली शिलाई मशीन मागच्या महिन्यात त्या सुनेला दिली. बाकीचं आहे तसंच आहे. अकॉर्डियन तिसऱ्या मजल्यावरच्या जर्मनांची, त्यांची मुलगी ती घेऊन खाणकामगारांच्या सांस्कृतिक भवनात वाजवायला जायची.

उत्तरा_श्टुटगार्ट

वैशाली, आज संध्याकाळी तळमजल्यावर गेले होते, धागा वाचून दाखवला, जमेल तसा जर्मनमधून. आमच्या बाई ती नाहीत, त्या अकॉर्डियन वाजवत नव्हत्या, राहायच्याही दुसऱ्या भागात. पण त्या भवनाचं नाव काढल्यावर उठून उभ्याच राहिल्या. खांबांचं मोठं भवन आहे ना, वर पुतळे असलेलं? तिथे त्या नाचायला जायच्या, नवरा तिथेच भेटला. तीस वर्षांत एकदाही परत गेल्या नाहीत. विचारत होत्या की समोर झाडं होती ती आहेत का, आणि आत अजून नाच होतात का.

वैशाली_नाशिक

लेकाला सांगितलं. गुरुवारी त्याची परीक्षा संपतेय, शुक्रवारी जाऊन समोरून, झाडांसकट आणि आत सोडलं तर आतले पण फोटो काढतो म्हणालाय. आजीलाही घेऊन जातो म्हणतोय, तो मुलगा गाडी देणार आहे. व्यनि (खाजगी निरोप) केलाय, त्यात तुझा नंबर टाक.